मोजणारा हात आणि मोकळा फटकारा: एका वस्तुचित्राचं प्रकरण

एकाच विद्यार्थ्याचं, एकाच मांडणीवरचं काम इथे सविस्तर मांडते आहे. मांडणी साधी होती: पांढरा एनॅमलचा जग, एक लिंबू, गडद हिरवी काचेची बाटली आणि खाली राखाडी कापड. माध्यम तैलरंग. विद्यार्थी वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणते; इथेही तेच म्हणेन. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढले होते. संगणकाच्या आधीची पिढी. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनवर हात बसलेला. निवृत्तीनंतर तैलरंग हाती घेतले आणि माझ्याकडे आले ते ठाम मागणी घेऊन. "मॅडम, मला मोकळं रंगवायचं आहे. जवळून नुसते रंगाचे फटकारे दिसावेत आणि चार पावलं मागं गेलं की लिंबू दिसावं."

तैलरंग शिकणारे बहुतेक जण कधी ना कधी हीच मागणी करतात, आणि त्यांना बहुधा एकच सल्ला मिळतो: हात सैल सोडा, घाबरू नका. काकांनी हा सल्ला स्वतःच स्वतःला देऊन पाहिला होता. त्याचं काय झालं ते त्यांच्या दुसऱ्या चित्रात दिसत होतं.

फसलेली दोन चित्रं

पहिलं चित्र रेखाटन म्हणून निर्दोष होतं. जगाच्या तोंडाचं लंबवर्तुळ नेमकं, बाटलीचे दोन्ही खांदे सारखे, कापडाच्या घड्या जागच्या जागी. तरी चित्रात हवा खेळत नव्हती. प्रत्येक वस्तूची कड सगळ्या बाजूंनी सारखीच धारदार होती, त्यामुळे लिंबू कापडावर टेकलेलं वाटतच नव्हतं. रंग टर्पेंटाईन घालून पातळ केलेला. पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी, वस्तूंच्या कडा सांभाळत भरलेली. आणि जगाची सावलीतली बाजू जवळजवळ पांढरीच ठेवलेली, कारण जग पांढरा आहे हे काकांना ठाऊक होतं.

दुसरं चित्र त्याच मांडणीचं, पण मोठा ब्रश घेऊन, घाईघाईने, मनगट झटकत केलेलं. लिंबाचा पिवळा बाटलीच्या हिरव्यात गेला होता, तिथून कापडात, आणि शेवटी सगळ्या चित्रावर एकच तपकिरी मळ पसरला होता. काका आशेने म्हणाले, "यात मोकळेपणा आहे ना?" ब्रशचे माग होते खरे. पण कुठल्या फटकाऱ्याने प्रकाश सांगितला, कुठल्याने सावली, कुठल्याने गोलाई, हे शोधून सापडत नव्हतं.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा माझं निदान असं झालं की ही दोन टोकं नाहीत. दोन्ही चित्रांचं दुखणं एकच आहे. पहिल्यात प्रत्येक फटकारा मागाहून सुधारायचा म्हणूनच मारलेला होता. दुसऱ्यात तो विचार न करताच मारलेला होता. ब्रश कॅनव्हासला लागण्याआधी हा रंग किती गडद, किती उष्ण, कुठे सुरू आणि कुठे संपणार, हे दोन्हीकडे ठरलेलं नव्हतं.

ही फसगत काही आजची नाही. इटालियन चित्रकार आणि चरित्रकार जॉर्जो वसारी १५६६ मध्ये व्हेनिसला तिथला नामवंत चित्रकार तिशियन याच्या भेटीला गेला होता. कलावंतांच्या चरित्रांच्या १५६८ च्या आवृत्तीत त्याने लिहून ठेवलं आहे की तिशियनची उतारवयातली चित्रं रुंद फटकाऱ्यांनी आणि रंगाच्या डागांनी केलेली आहेत. जवळून त्यात काही कळत नाही, लांबून ती परिपूर्ण दिसतात. पुढे तो म्हणतो की हे विनासायास केलेलं आहे असं समजून ज्यांनी अनुकरण केलं त्यांची चित्रं बेंगरूळ झाली, कारण तिशियनची ही चित्रं पुन्हा पुन्हा काम करून घडलेली आहेत आणि ते कष्ट झाकलेले आहेत. साडेचारशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण काकांच्या दुसऱ्या चित्राला जसंच्या तसं लागू पडत होतं. ते मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. कष्ट झाकलेले आहेत म्हणजे ते करता येतात, असा त्यांनी अर्थ काढला. तो बरोबर होता.

मागे बसून पाहिलेलं

काही सुचवण्याआधी मी त्यांना तीच मांडणी पुन्हा रंगवायला सांगितली आणि मागे बसून फक्त पाहत राहिले. तयार चित्र पाहून दोष कळतो, पण त्याचं कारण काम चालू असतानाच कळतं.

काका बसून रंगवत होते, कॅनव्हासपासून वीतभर अंतरावर. ब्रश पेन्सिलीसारखा, केसांजवळच्या धातूच्या पट्टीपाशी धरलेला. नजर बहुतेक वेळ कॅनव्हासवर. मांडणीकडे एक ओझरता कटाक्ष आणि मग बराच वेळ आठवणीवर काम. रंग ब्रशच्या टोकावरच जरा जरा मिसळायचा, एका फटकाऱ्यापुरता. तो लावला की लगेच त्यावरून दुसरा हात, मग तिसरा. इथेच मळाचं मूळ होतं. ओल्या रंगावर ओला रंग लावला आणि पुन्हा घासला की खालचा वर येतो. रंग पातळ असेल तर आणखीच, कारण टर्पेंटाईन खालचा थर सोडवतं. पुष्कळ जण मळकटपणाचा दोष रंगांच्या निवडीला देतात. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा एकाच जागी वारंवार ब्रश फिरवण्याने येतो.

आणखी एक गोष्ट मागे बसूनच दिसली. खोलीत खिडकीचा उजेड होता आणि वर दिवाही चालू होता. लिंबाला दोन पडछाया होत्या. जगावर प्रकाश कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे मलाही सांगता आलं नसतं.

वरचा दिवा बंद केला. मांडणी खिडकीच्या बाजूला अशी सरकवली की प्रकाश एकाच अंगाने, जरा वरून यावा. बाटलीमागे गडद कापड लावलं. एवढ्यानेच मांडणीचे दोन स्वच्छ भाग पडले: उजेडातला आणि सावलीतला. मोकळ्या रंगकामाबद्दल बोलताना मांडणीचा विषय क्वचितच निघतो, आणि मला ते फार खटकतं. ज्या मांडणीत उजेड-सावलीचे मोठे आकार स्पष्ट नाहीत, ती थोडक्या फटकाऱ्यांत सांगताच येत नाही. तिथे कसलेल्या चित्रकारालाही बारीकसारीक तपशिलाचा आधार घ्यावा लागतो.

मोजा, पण दुसरं काही

आता खरा प्रश्न होता तो काकांच्या स्वभावाचा. चाळीसेक वर्षं अचूकपणावर जगलेल्या माणसाला "अचूकपणा सोडा" म्हणणं मला पटत नव्हतं. एक तर तो सुटत नाही. दुसरं म्हणजे तो सोडायची गरजच नव्हती. त्यांची मोजण्याची भूक सगळी बाह्यरेषेवर खर्च होत होती, आणि चित्राला जिथे मापाची गरज होती त्या टोनकडे, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाकडे, कुणी पाहतच नव्हतं.

मी त्यांना पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ टोनची पट्टी करायला सांगितली. ती त्यांनी इतकी सुबक केली की मी ती वर्गात लावून ठेवली आहे: सारखे चौकोन, टोनमधलं अंतर समान, खाली एक ते नऊ आकडे. मग मधल्या राखाडी रंगाच्या पुठ्ठ्याला एक लहान भोक पाडलं. भोकातून पाहिलं की जग, लिंबू ही नावं गळून पडतात आणि उरतो तो फक्त एक डाग, ज्याची तुलना पट्टीशी करता येते. सोबत डोळे किलकिले करून पाहणं. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीक तपशील आणि लहानसहान फरक विरघळतात, मोठे आकार उरतात.

काकांनी मांडणीचं वाचन घेतलं आणि वहीत लिहिलं. जगाचा उजेडातला भाग दोन. लिंबाचा उजेडातला भाग तीन. उजेडातलं राखाडी कापड चार. जगाची सावली पाच. शेवटच्या आकड्यावर ते थबकले. "मॅडम, पांढऱ्या जगाची सावली राखाडी कापडाहून गडद कशी?" पुठ्ठा पुन्हा लावून पाहिला. पाचच. त्यांच्या पहिल्या चित्रात तीच सावली दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी होती.

या सगळ्या प्रकरणात हा एक आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. जग पांढरा आहे हे ज्ञान बाजूला ठेवून समोर दिसणारा टोन स्वीकारला की तो एका रुंद फटकाऱ्यात लावता येतो, आणि तो फटकारा मागाहून दुरुस्त करावा लागत नाही. टोन बरोबर असेल तर रंगछटा थोडी इकडेतिकडे झाली तरी वस्तू उभी राहते. टोन चुकला की मग माणूस हायलाइट वाढवतो, रेषा गडद करतो, कडा घासतो, आणि चित्र आवळत जातं. मोकळेपणा ही मनगटाची गोष्ट आहे असं मानणाऱ्यांशी माझा इथेच मतभेद आहे.

वाचनाच्या वहीतून दुसरीही एक गोष्ट आपोआप निघाली. बाटलीची सावलीतली बाजू आठ, मागचं कापडही आठ. काकाच म्हणाले, "दोन्ही आठ. मग मी इथे रेघ कशाची काढली होती?" या प्रश्नाकडे पुढे वळायचं होतंच, पण त्याआधी पॅलेट ताळ्यावर आणायला हवं होतं.

रंग आधी, ब्रश नंतर

रंग कमी केले. स्वीडिश चित्रकार आंदेर्श झोर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखलं जाणारं चार रंगांचं पॅलेट पुष्कळांना माहीत असेल: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियनसारखा लाल आणि आयव्हरी ब्लॅक. त्यात निळा नाही, पण काळ्यात पांढरा मिसळला की उष्ण रंगांच्या शेजारी तो निळसर भासतो. लिंबासाठी मी त्यात लेमन यलो घातला, कारण ऑकरमधून तेवढा तेजस्वी पिवळा निघत नाही. पिवळ्यात थोडा काळा घातला की ऑलिव्ह हिरवा मिळतो. लिंबाची सावली आणि बाटलीतला उजेड, दोन्ही त्यातूनच झाले. रंग थोडे असले की चित्रातले रंग आपसांत नातं सांगतात, आणि शिकणाऱ्याचं सगळं लक्ष टोनवर राहतं.

मग नियम असा ठरला की ब्रश हातात घेण्याआधी सगळे मुख्य रंग पॅलेट नाईफने, म्हणजे रंग मिसळायच्या बोथट सुरीने, मिसळून तयार ठेवायचे, भरपूर, प्रत्येकी अक्रोडाएवढा ढीग. लिंबाचे तीन: उजेड, मधला टोन, सावली. जगाचे तीन. बाटलीचे दोन. कापडाचे दोन. मागच्या कापडाचा एक. प्रत्येक ढिगातला थोडा रंग सुरीच्या टोकावर घेऊन, एक डोळा मिटून, त्या त्या वस्तूसमोर धरायचा आणि टोन जुळतो का ते पाहायचं. जुळला नाही तर ढीग बदलायचा. सुरीवरही मांडणीसारखाच उजेड पडायला हवा, नाहीतर ही तुलना फसवते.

काकांना सुरुवातीला एवढा रंग वाया जाईल याची धास्ती होती. ही धास्ती सार्वत्रिक आहे आणि चित्राला मारक आहे. ब्रशवर रंगच नसेल तर फटकारा अर्ध्यावर कोरडा पडतो, मग तो ओढत न्यावा लागतो, आणि ओढलेला फटकारा घाबरलेला दिसतो. रंगाची चिंता असेल तर कॅनव्हास लहान घ्यावा, ढीग लहान करू नये.

लिंबाच्या उजेडात एक अडचण आली ती नोंदवण्याजोगी आहे. तो भाग उजळ करायला काका पांढरा घालत गेले आणि लिंबू खडूसारखं फिकं झालं. टायटॅनियम व्हाइटची ताकद मोठी असते. थोडासाही पिवळ्याचं तेज खातो आणि त्याला थंड करतो. लेमन यलो मुळातच उजळ आहे. पांढरा जवळजवळ काढून टाकला, शेजारचा कापडाचा टोन अर्ध्या पायरीने खाली आणला, आणि लिंबू पेटलं.

बारा फटकारे

सगळी मांडणी बाजूला ठेवून आता फक्त लिंबू. लहान बोर्ड, आधी मधल्या राखाडी टोनने रंगवून वाळवलेला, म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागाची चमक टोनचा अंदाज बिघडवत नाही. दहा नंबरचा हॉग हेअरचा (डुकराच्या राठ केसांचा) चपटा ब्रश, बस्स एवढाच. उभं राहून काम, ब्रश दांड्याच्या टोकाशी धरलेला. लिंबू, त्याची पडछाया आणि आजूबाजूचं थोडं कापड मिळून बारा फटकारे. प्रत्येक फटकाऱ्याआधी दोन पावलं मागे जाऊन पाहायचं, मग पुढे येऊन ठेवायचा आणि ब्रश उचलायचा. त्यावरून परत जायचं नाही. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याने पुसायचा.

फडक्यांचं निघालंच आहे तर एक गोष्ट निक्षून सांगते. जवसाचं तेल बाष्पीभवनाने सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती सुटी पसरून वाळवावीत किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात ठेवावीत.

दांड्याच्या टोकाशी ब्रश धरणं काकांना अवघड गेलं, कारण त्यात बोटांचं नियंत्रण जातं आणि खांदा-कोपर काम करू लागतात. सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझ लांब दांड्याचे ब्रश वापरत असे, असं त्याचा चरित्रकार पालोमिनो याने नोंदवलं आहे. लांब दांडा म्हणजे हात कॅनव्हासपासून दूर, आणि हात दूर म्हणजे डोळ्याला पूर्ण चित्र दिसत राहतं. ही साधी यांत्रिक बाब काकांना लगेच पटली. आराखड्यांच्या माणसाला तरफेचा नियम वेगळा सांगावा लागत नाही.

पहिली काही लिंबं बटाट्यासारखी झाली. बारा फटकारे पुरत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. पण मर्यादेने आपलं काम केलं. फटकारे मोजून मिळणार म्हटल्यावर ते लिंबाकडे जास्त वेळ बघू लागले. कुठला टोन सर्वांत मोठी जागा व्यापतो, कुठला फटकारा एकाच वेळी गोलाई आणि रंग दोन्ही सांगेल, याचा हिशेब होऊ लागला. सावलीचा एक मोठा फटकारा, त्याच्या कुशीत मधल्या टोनचा, मग उजेडाचा जाड थर, देठाकडच्या टोकाला वळण. एक लिंबू असं झालं की त्यांनी बाराऐवजी नवावरच ब्रश ठेवला आणि म्हणाले, "आता काही करावंसं वाटत नाही."

चूक झाली तर काय, हा प्रश्न त्यांनी लवकरच विचारला. उत्तर: फटकाऱ्यावर फटकारा घालून दुरुस्ती करायची नाही, सुरीने तेवढा भाग खरवडून काढायचा आणि पुन्हा एकदाच, पूर्ण ठरवून लावायचा. तैलरंगाचं हे मोठं औदार्य आहे. तो तासनतास ओला राहतो, म्हणून बैठक चालू असताना सगळं मागे घेता येतं. अंबरसारखे मातीचे रंग लवकर सुकतात, आयव्हरी ब्लॅक बराच वेळ घेतो. पण एका बैठकीत यातला कुठलाच हातचा जात नाही. खरवडल्यावर मागे राहिलेला फिकट ठसा पुढच्या फटकाऱ्याला दिशाही देतो. फ्रेंच चित्रकार एदुआर माने खरवडून, पुसून पुन्हा नव्याने सुरुवात करण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याचं एका अ‍ॅस्परॅगसचं, म्हणजे एका भाजीच्या काडीसारख्या कोंबाचं, लहानसं चित्र, साधारण १७ बाय २२ सेंटिमीटरचं, पाहताना ते एका श्वासात झालेलं वाटतं. १८८० मध्ये चित्रसंग्राहक शार्ल एफ्रुसी याने अ‍ॅस्परॅगसच्या जुडीचं चित्र ८०० फ्रँकला ठरवून १००० फ्रँक पाठवले, तेव्हा मानेने हे दुसरं चित्र करून धाडलं आणि कळवलं की तुमच्या जुडीतला एक राहिला होता. इतक्या सहजपणे एक काडी रंगवता यावी, यामागे खरवडलेले किती कॅनव्हास असतील याचा विचार करावा.

कडा

लिंबू जमल्यावर पुन्हा पूर्ण मांडणी घेतली. टोन बरोबर आले, फटकारे ठाम आले, आणि तरी चित्र ठिगळांचं दिसत होतं. प्रत्येक डाग शेजारच्या डागाला सारख्याच कडकपणे भिडत होता. पहिल्या चित्रातली बाह्यरेषा गेली होती, पण तिची सवय डागांच्या कडांत शिरली होती.

वहीतला तो प्रश्न इथे परत आला: दोन्ही आठ, मग रेघ कशाची? बाटलीची सावलीतली कड आणि मागचं कापड यांत आता रेघ ठेवायचीच नाही, असं ठरलं. बाटली आणि कापड एकाच बैठकीत, एकामागोमाग एक, दोन्ही ओले असताना लावले. कडेवरून कोरड्या ब्रशचा एकच हलका हात. बाटलीचा तो भाग अंधारात विरला. दुसऱ्या अंगाची एक बारीक उजळ धार आणि खांद्यावरची चकाकी एवढ्यावर बाटली उभी राहिली. न रंगवलेला भाग पाहणाऱ्याचा डोळा स्वतः पूर्ण करतो.

जगाच्या तोंडाच्या लंबवर्तुळावर मात्र काका अडले. ते त्यांचं बलस्थान, आणि मी त्याची सावलीकडची बाजू विरवायला सांगत होते. "अर्धी रेघच गेली, मॅडम. माप कसं कळणार?" मी त्यांना मांडणीकडे डोळे किलकिले करून पाहायला सांगितलं आणि तिथे ती रेघ दिसते का ते विचारलं. दिसत नव्हती. त्यांनी ती विरवली. समोरच्या उजेडातली कड मात्र धारदार ठेवली, जाड रंगात, एकाच फटकाऱ्यात. मागे जाऊन पाहिल्यावर जग आधीपेक्षा गोल दिसला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सर्व बाजूंनी सारखी कड असेल तर डोळा आकृतीला सपाट समजतो. कड कुठे सापडते, कुठे हरवते, त्यावरून त्याला वस्तू वळते आहे हे कळतं. आणि हरवलेली कड पेलायला लंबवर्तुळ मुळात अचूकच लागतं. चुकीच्या लंबवर्तुळाची अर्धी रेघ पुसली तर जग कोसळतो. काकांची जुनी विद्या इथे खरी कामाला आली.

मोकळेपणाचा सोस

पुढचा टप्पा बहुतेकांच्या वाट्याला येतो. काकांचे फटकारे ठाम झाले आणि लोक वाहवा करू लागले, तसे फटकारे दिसावेत म्हणूनच मारले जाऊ लागले. कापडावर तिरपे जाड पट्टे, लिंबावर गोलाईच्या आडवे जाणारे, जगावर एकाच्या जागी पाच चकाक्या. दुरून चित्र गडबडलेलं आणि जवळून रुबाबदार.

यावर उपाय म्हणून मी ब्रशच काढून घेतला आणि पॅलेट नाईफ दिली. अमेरिकन चित्रकार चार्ल्स हॉथॉर्न याने १८९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन इथे सुरू केलेल्या शाळेत विद्यार्थ्यांना समुद्रकिनारी उन्हाकडे पाठ करून बसवलेल्या मॉडेलची चित्रं पुट्टीच्या सुरीने करायला लावत. चेहरा सावलीत, सुरीने नाकडोळे काढणं अशक्य. उरतं ते रंगाच्या डागाशेजारी रंगाचा डाग नेमका ठेवणं. काकांच्या बाबतीत सुरीने फटकाऱ्यांची शैली काढून घेतली. डाग बरोबर आहे की नाही, एवढाच प्रश्न उरला. काही चित्रं तशी झाल्यावर ब्रश परत दिला.

चकाकीचं दुखणं वेगळं होतं. जगाचा उजेडातला भागच इतका पांढरा लावला जायचा की चकाकीला वर जायला जागा उरत नसे. वहीत दोन लिहिलेला टोन खरंच दोनच ठेवला, शुद्ध पांढरा शिल्लक ठेवला, आणि शेवटी एकच जाड ठिपका. एनॅमल चकाकलं.

सध्या

त्याच मांडणीचं ताजं चित्र माझ्यासमोर आहे. लिंबू उत्तम. जग चांगला, त्याची मूठ अजून जरा आवळलेली. अरुंद आकार आला की काकांची बोटं ब्रशच्या दांड्याच्या टोकाकडून धातूच्या पट्टीकडे सरकतात. बाटली या चित्रातला सर्वांत धाडसी भाग आहे. कापड कमकुवत आहे: घड्यांत त्यांना अजून उजेड-सावलीऐवजी घड्याच दिसतात, आणि मधले टोन वाढत जातात. सुरुवातीला ते अजूनही कोळशाने हलकी बाह्यरेषा काढून घेतात. काही शिक्षक याला हरकत घेतील. मी घेत नाही. ती रेषा आता जागा ठरवण्यापुरती आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत रंगाखाली जाते.

रंग मिसळायला त्यांना रंगवण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तही. बघणाऱ्याला तो वेळ दिसत नाही. पुढची मांडणी मी फक्त पांढऱ्या वस्तूंची लावली आहे: जग, अंडं, बशी, पांढरं कापड. रंगाचा आधार तिथे मिळणार नाही, आणि कापडाच्या घड्यांना टोनशिवाय दुसरी वाट राहणार नाही. काकांनी वही उघडून वाचन घ्यायला सुरुवात केली आहे.